बोटांनी वाचलेले पवित्रशास्त्र

ब्रेल लिपीतल्या संपूर्ण बायबलला ग्रंथ म्हणण्यापेक्षा कपाट म्हणावे लागते. छापील बायबल खांद्यावरच्या पिशवीत मावते. ब्रेलमध्ये त्याचे ४०हून अधिक खंड होतात. ठिपके उठून राहावेत म्हणून कागद जाड घ्यावा लागतो, आणि ते दबू नयेत म्हणून खंड एकावर एक न रचता उभेच ठेवावे लागतात. हे कपाट भरायला ख्रिस्ती मंडळीला अठराशेहून अधिक वर्षे लागली. इतका वेळ का लागला, मधल्या काळात ज्यांना दिसत नव्हते त्यांनी आपली श्रद्धा कशावर जगवली, आणि शेवटी पवित्रशास्त्र बोटांपर्यंत कसे पोचले, याचा हा मागोवा.

सुरुवात शुभवर्तमानांपासूनच करावी लागते, कारण तिथे अंध माणसे बरीच भेटतात. यरीहोच्या रस्त्याकडेला भीक मागत बसलेला बार्तीमय आहे. लोक गप्प बस म्हणून दटावतात, तरी तो हाका मारायचे थांबत नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात एक जन्मांध माणूस आहे. त्याला पाहून शिष्य येशूला विचारतात, हे पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. आपल्याकडे याच प्रश्नाला ‘मागल्या जन्मीचे’ असे उत्तर तयार असे, त्यामुळे या नकाराचे वजन मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पुढे दोघांनाही दृष्टी मिळते. पण ज्यांना मिळाली नाही, त्यांचे काय? पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि काटा तसाच राहिला. बरे न झालेल्या माणसांची श्रद्धा ही ख्रिस्ती परंपरेतली फार मोठी गोष्ट आहे, आणि बरे झालेल्यांच्या गोष्टींच्या मानाने ती प्रवचनांत फार कमी सांगितली जाते असे मला वाटते. हा सारा मागोवा बरे न झालेल्यांचाच आहे.

पहिल्या काही शतकांत त्यांची फार अडचण झाली नसावी. लिहिता-वाचता येणारे मुळात थोडे. पवित्रशास्त्र मंडळीत मोठ्याने वाचले जाई आणि बाकीचे सगळे ऐकत. पौलानेही विश्वासाचे मूळ ऐकण्यात दाखवले आहे. ऐकणाऱ्यांच्या त्या गर्दीत दिसणारा आणि न दिसणारा एकाच पातळीवर बसलेले असत.

या काळातला एक माणूस मात्र ऐकण्यावर थांबला नाही. अलेक्झांड्रियाचा दिदिमस चौथ्या शतकातला. वयाच्या चौथ्या वर्षाच्या सुमारास त्याची दृष्टी गेली, म्हणजे अक्षरओळख होण्याआधीच. पाचव्या शतकातला इतिहासकार सोझोमेन सांगतो की, त्याने लाकडी फळीवर खोल कोरलेली अक्षरे बोटांनी चाचपून वर्णमाला शिकून घेतली. पुढचे सारे शिक्षण ऐकून आणि पाठ करून. व्याकरण, तर्क, भूमिती आणि दोन्ही करार त्याच्या स्मरणात होते. बिशप अथानासियसने अलेक्झांड्रियाच्या सुप्रसिद्ध धर्मशिक्षण-शाळेची धुरा त्याच्याकडे सोपवली. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारा जेरोम त्याच्याकडे शिकायला आला; तो दिदिमसला अंध न म्हणता ‘पाहणारा’ म्हणे. जेरोमनेच एक आठवण नोंदवली आहे. वाळवंटातला तपस्वी अँथनी अलेक्झांड्रियात आला असता त्याने दिदिमसला विचारले, डोळे नसल्याचे दुःख होते का? दिदिमस आधी गप्प राहिला, आणि मग त्याने होय म्हणून कबूल केले. अँथनी म्हणाला, मुंग्या-माश्यांनाही असतात त्या डोळ्यांसाठी कशाला झुरायचे? संतांना आणि प्रेषितांनाच लाभते ती दृष्टी तुला मिळाली आहे. मला या गोष्टीत अँथनीच्या सांत्वनापेक्षा दिदिमसचे कबूल करणे मोलाचे वाटते. एवढा मोठा पंडित, एवढा श्रद्धावान, आणि तरीही दुःख होते म्हणाला. त्याची श्रद्धा त्या दुःखावर पांघरूण घालत नव्हती.

दिदिमसच्या नशिबी आणखी एक अंधार होता. आधीच्या काळातला वादग्रस्त धर्मपंडित ओरिजेन याच्या विचारांशी त्याचे नाते असल्यामुळे सहाव्या शतकात त्याच्यावर ठपका आला, आणि त्याच्या ग्रंथांच्या प्रती निघणे थांबले. बरेचसे लेखन नाहीसे झाले. १९४१मध्ये, महायुद्ध चालू असताना, कैरोजवळच्या तुरा इथल्या गुहा दारूगोळा ठेवण्यासाठी साफ करताना कामगारांना पपायरसच्या वह्या सापडल्या. त्यांत दिदिमसची उत्पत्ती, ईयोब, जखऱ्या, स्तोत्रे अशा पुस्तकांवरची विवेचने निघाली.

त्याच्या लाकडी अक्षरांची गोष्ट मात्र पुढे कोणी चालवली नाही. मध्ययुगात युरोपातल्या अंधांना चर्चने आसरा दिला, अन्न दिले, आणि त्यांच्याकडून प्रार्थना मागितली. पॅरिसमध्ये राजा नववा लुई याने तेराव्या शतकात ३०० अंधांसाठी धर्मशाळा बांधली; तिथल्या रहिवाशांनी भिक्षा मागायची आणि राजासाठी प्रार्थना करायची. त्यांनी वाचावे, असे कोणाच्या मनात आले नाही.

मग छपाई आली, आणि तिच्या पाठोपाठ धर्मसुधारणा. प्रत्येकाने पवित्रशास्त्र आपल्या भाषेत आणि स्वतः वाचावे, हा प्रॉटेस्टंट आग्रह. डोळसांसाठी ही मोठी मुक्ती होती. अंधांसाठी तिचा परिणाम उलटा झाला, आणि ही गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. सगळेच ऐकत होते तोवर अंध कोणाच्या मागे नव्हते. सगळे वाचू लागले तेव्हा ते मागे पडले. ज्या श्रद्धेचे केंद्र आता पुस्तकात होते, ते पुस्तक त्यांच्या हाती देऊन उपयोग नव्हता. पुढची सारी धडपड याच पेचातून निघाली.

पहिला प्रयत्न पॅरिसमध्ये झाला. १७७१मध्ये व्हॅलेंटाइन हाऊई या गृहस्थाने एका जत्रेत पाहिले की, अंध माणसांना विदूषकाचे कपडे आणि कागदी चष्मे घालून, हातात वाद्ये देऊन लोकांच्या हसण्यासाठी उभे केले आहे. ते दृश्य त्याच्या मनातून गेले नाही. चर्चच्या दाराशी भीक मागणाऱ्या फ्रांस्वा लसूअर या अंध मुलाला त्याने शिकवायला घेतले, आणि १७८०च्या दशकात अंध मुलांची जगातली पहिली शाळा सुरू झाली. हाऊईने ओल्या कागदावर अक्षरे दाबून उठावाचे मुद्रण केले. अक्षरे रोमनच, नेहमीची, फक्त मोठी आणि फुगीर. डोळ्याला सुंदर दिसत. बोटाला ‘ओ’ आणि ‘क्यू’ यांतला फरक शोधत बसावे लागे.

ब्रिटनमध्ये हे तंत्र पोचले तेव्हा त्यामागचा हेतू सरळच पवित्रशास्त्राचा होता. एडिंबराच्या जेम्स गॉल यांनी गोलाई काढून टाकून कोनदार अक्षरे केली आणि १८३०च्या दशकात योहानाचे शुभवर्तमान उठावात छापले. ज्या पुस्तकात जन्मांधाची गोष्ट आहे, आणि जखमांना हात लावल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा थोमाही आहे, तेच पुस्तक बोटांसाठी आधी निवडले गेले. ग्लासगोच्या अंधाश्रमात जॉन ऑल्स्टन यांनी रोमन मोठ्या लिपीत १८४०मध्ये संपूर्ण बायबल १९ खंडांत पूर्ण केले. बॉस्टनमध्ये सॅम्युएल ग्रिडली हौ यांनी आपली स्वतःची उठाव-लिपी केली आणि १८३६मध्ये त्यात नवा करार छापला. अमेरिकन बायबल सोसायटीने त्याला हातभार लावला. या सगळ्या माणसांबद्दल मला आदर आहे. त्यांनी पदरचे पैसे घातले, आयुष्ये घातली. पण त्या सर्वांची अडचण एकच होती. पान तपासायला ते डोळे वापरत. शिकवणाऱ्याला जे वाचता येते तेच शिकणाऱ्याने वाचावे, असा त्यांचा हिशेब होता. बोटाला काय हवे, हे त्यांनी बोटाला विचारले नव्हते.

हौ यांच्या शाळेत मात्र एक अशी मुलगी होती जिच्याबद्दल थांबून लिहायला हवे. लॉरा ब्रिजमन १८३७मध्ये, आठ वर्षांची होण्याआधी, बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेत आली. दोन वर्षांची असताना आलेल्या लाल तापाने तिचे डोळे आणि कान दोन्ही नेले होते. वास आणि चवही जवळजवळ गेली होती. जगाशी जोडणारे एकच दार उरले, ते स्पर्शाचे. हौ यांनी चमचा, चावी अशा वस्तूंवर उठावाची अक्षरे चिकटवून तिला शब्द दिले, आणि मग तळहातावर बोटांच्या खुणांनी बोलणे सुरू झाले. १८४२मध्ये चार्ल्स डिकन्स तिला भेटले आणि त्यांनी तिच्याविषयी लिहिले. पुढे कित्येक वर्षांनी ते वाचूनच अ‍ॅलाबामातल्या एका आईने आपल्या मुलीसाठी शिक्षिकेचा शोध सुरू केला. ती मुलगी हेलन केलर.

देवाच्या बाबतीत हौ यांनी लॉरावर एक प्रयोग मांडला. ते युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाचे. माणसाच्या मनात धर्मभावना उपजतच असते, आणि बाहेरच्या शिकवणीने ती न बिघडवता वाढू दिली तर ती आपोआप उमलते, असे त्यांचे मत होते. जिच्यापर्यंत घंटा, भजन, वेदी, आकाश, काहीच पोचत नाही, अशा मनात देव आपसूक उमटतो का, हे त्यांना पाहायचे होते. म्हणून तिला धर्माविषयी कोणीही काही सांगायचे नाही, तिचे प्रश्न आपल्याकडेच आणायचे, अशी ताकीद त्यांनी दिली. मग १८४३मध्ये त्यांचे लग्न झाले आणि ते वर्षभराहून अधिक काळ युरोपात राहिले. लॉरा थांबायला तयार नव्हती. देवाविषयीच्या प्रश्नांनी भरलेले पत्र तिने त्यांना पाठवले. इकडे तिच्या सहवासातल्या इव्हँजेलिकल मंडळींनी तिला ख्रिस्ताविषयी, पाप आणि तारणाविषयी सांगितले. हौ परतले तेव्हा आपला प्रयोग मोडला म्हणून ते फार निराश झाले. लॉराने मोठेपणी आईबापांच्या बॅप्टिस्ट पंथात बाप्तिस्मा घेतला आणि उठावाचे बायबल वाचत ती शेवटपर्यंत, १८८९पर्यंत, पर्किन्समध्येच राहिली.

हौ यांची निराशा मला समजते, पण माझी बाजू लॉराची आहे. श्रद्धा ही इंद्रियांच्या पलीकडची गोष्ट आहे, असे आपण सहज म्हणतो. लॉराच्या बाबतीत ती पाच इंद्रियांपैकी चार ओलांडून गेली हे खरे, पण आली ती कोणाच्या तरी बोटांनी तळहातावर एकेक अक्षर लिहिल्यामुळेच. प्रश्न तिचे स्वतःचे होते आणि उत्तरे माणसांकडून आली. मनाला एकटे कोंडून देव उमलतो का हे पाहणे, हीच कल्पना मला निर्दय वाटते.

पॅरिसच्या त्याच पहिल्या शाळेत, हाऊईच्या जड पुस्तकांच्या खोलीत, दरम्यान दुसरेच काही घडले होते. कूव्रे गावच्या जीनगराचा मुलगा लुई ब्रेल याला तीन वर्षांचा असताना वडिलांच्या दुकानात डोळ्याला हत्यार लागले आणि जंतुसंसर्गाने दोन्ही डोळे गेले. गावच्या धर्मगुरूने त्याला शिकवले, मग १८१९मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसला आला. शार्ल बार्बिए नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने ठिपक्यांची एक पद्धत शाळेला दाखवली होती. तिच्यात एका खुणेला बारापर्यंत ठिपके लागत, म्हणजे बोट वर-खाली फिरवावे लागे. ब्रेलने पंधराव्या वर्षापर्यंत ते सहावर आणले. दोन उभ्या रांगा, प्रत्येकी तीन ठिपके. सारी खूण बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी मावते. दोन ठिपक्यांतले अंतर साधारण अडीच मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या टोकाला दोन टोचण्या वेगळ्या ओळखू येण्याच्या मर्यादेच्या थोडे वर. हा हिशेब डोळसाला सुचला नसता. शिवाय ही लिपी पाटी आणि टोच्याने लिहिताही येत होती. अंध माणूस पहिल्यांदा लिहून, स्वतःच ते वाचून, दुसऱ्या अंधाला पत्र धाडू शकला.

ब्रेल पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. १८२९मध्ये त्याने आपली पद्धत प्रसिद्ध केली, त्या पुस्तकाच्या लांबलचक नावातच शब्दांबरोबर संगीत आणि चर्चमधल्या उपासनेचे साधे गायन यांचा उल्लेख आहे. शब्द, सूर आणि उपासना तिन्ही सहा ठिपक्यांत मावले. शाळेच्या नव्या संचालकाने ही लिपी बंद पाडली, कारण डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती. मुले ती चोरून वापरत राहिली. अखेर १८४४मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या समारंभात तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली १८५४मध्ये. ब्रेल क्षयाने १८५२मध्येच गेला होता.

इंग्लंडमध्ये त्याच सुमारास विल्यम मून नावाचा तरुण पाळक होण्याची तयारी करत होता. लहानपणीच्या लाल तापाने त्याची नजर अधू झाली होती, आणि एकविसाव्या वर्षाच्या सुमारास ती पुरती गेली. ब्रायटनमध्ये अंधांना शिकवताना त्याच्या लक्षात आले की, म्हातारपणी डोळे गेलेल्या, कष्टाने बोटे राठ झालेल्या माणसांना बारीक ठिपके लागत नाहीत. १८४५मध्ये त्याने रोमन अक्षरे सोलून केवळ नऊ मूळ आकारांवर आणली. तेच आकार फिरवून, उलटे करून वेगवेगळी अक्षरे होतात. एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे, म्हणजे शेतात नांगर वळावा तसे बोट कागदावरून न उचलता वळते. मूनच्या पुस्तकांची पोती घेऊन घरोघरी जाणारे शिक्षक इंग्लंडच्या गावोगावी फिरले. त्यांतले बरेच स्वतः अंध होते. तरुण शाळकरी मुलांसाठी ब्रेल, आणि चुलीशेजारी बसलेल्या आजीसाठी मून, अशी वाटणी आपसूक होत गेली. आजीची गरज ओळखणारा मून मला ब्रेलइतकाच थोर वाटतो, जरी त्याचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही.

कोणती लिपी टिकावी यावर इंग्लंड-अमेरिकेत बरीच भांडणे झाली. ती सारी सांगण्याची गरज नाही. एकच निर्णय सांगतो. दृष्टी अधू झालेल्या डॉ. थॉमस आर्मिटेज यांनी १८६८मध्ये लंडनला एक समिती बसवली. अट अशी की, सदस्य बोटांनीच वाचणारे असावेत, त्यांना किमान तीन उठाव-लिप्या येत असाव्यात, आणि कोणत्याही लिपीत त्यांचा पैशाचा हितसंबंध नसावा. या समितीने ब्रेल निवडली. इतक्या वर्षांनी बोटांना विचारले गेले.

मिशनऱ्यांबरोबर या लिप्या जगभर गेल्या. पेकिंगमध्ये स्कॉटलंडच्या बायबल सोसायटीचा विक्रेता विल्यम मरे रस्त्यावर शुभवर्तमाने विकत असे. लाकडाच्या कारखान्यातल्या अपघातात त्याचा एक हात लहानपणीच गेला होता. रस्त्यावरचे अंध भिकारी पाहून त्याने चिनी उच्चारांना क्रमांक दिले आणि ते क्रमांक ब्रेलच्या खुणांनी लिहिले. हजारो चित्राक्षरे डोळसांनाही अवघड. या अंध मुलांना मात्र वाचन लवकर येऊ लागले.

भारतात पहिली अंधशाळा अमृतसरला १८८७मध्ये अ‍ॅनी शार्प यांनी काढली. ती पुढे डेहराडूनजवळ राजपूरला गेली. महाराष्ट्रात हे काम दुष्काळाच्या पाठोपाठ आले. १८९९-१९००च्या दुष्काळाने अनाथ झालेल्या मुलांत अंध मुले होती, आणि अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९००मध्ये मुंबईत त्यांची शाळा सुरू केली. आज ती दादरची अंधशाळा म्हणून ओळखली जाते.

आणि केडगाव. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली-बायकांत अंधही होत्या. रमाबाईंच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये या अंध मुली-बायकांसाठी वेगळे सदन झाले, त्याला यरीहोच्या त्या हाका मारणाऱ्या माणसाचे नाव मिळाले, बार्तीमी सदन. रमाबाईंची मुलगी मनोरमा हिने ब्रेल शिकवण्याचे काम हाती घेतले. घरातून ओझे म्हणून टाकलेली, जात गेलेली, आईबाप गेलेले, डोळे गेलेले, अशी मुलगी मराठी ओळी बोटांनी वाचू लागली, ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पुणे जिल्ह्यातली आहे. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात तिला जितकी जागा मिळायला हवी तितकी मिळालेली नाही.

रमाबाईंचे स्वतःचेही एक इंद्रिय दगा देत होते. १८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर होण्याच्या इच्छेने; वाढत्या बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी वाँटेजला त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुराणिक घराण्यातली ही बाई. तिचे सारे बालपण आईबापांच्या तोंडून संस्कृत ऐकण्यात आणि पाठ करण्यात गेले होते. कानावर वाढलेल्या त्या विदुषीचा कानच अधू झाला. मग केडगावात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणायला घेतले. आधीच्या भाषांतरातली संस्कृतप्रचुर भाषा त्यांच्या आश्रमातल्या खेड्यातल्या बायकांना कळत नव्हती. त्यांना साधी, कानावर पडताच कळेल अशी मराठी हवी होती. छापखानाही मुक्तीचाच, आणि काम करणाऱ्या बायकाही तिथल्याच. जुलै १९२१मध्ये मनोरमा गेली. लेक गेल्यावरही रमाबाईंनी काम सोडले नाही; ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते. १९२४मध्ये ते छापून निघाले. ज्यांना ऐकूनच पवित्रशास्त्र कळणार होते, त्यांच्यासाठी ते मराठीत आणले ते ऐकू न येणाऱ्या बाईने.

भारतातल्या ब्रेलचे मात्र त्या काळात त्रांगडे झाले होते. प्रत्येक मिशनने, प्रत्येक प्रांताने आपापली खूणयादी केली. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेतले पुस्तक लागत नसे. स्वातंत्र्यानंतर हे मिटले. १९५१मध्ये भारती ब्रेल ठरली, सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच. त्याच वर्षी डेहराडूनला ब्रेल छापखाना सुरू झाला. या कामात न्यूझीलंडचे क्लुथा मॅकेंझी यांचा मोठा वाटा, आणि त्यांचे डोळे गेले होते गॅलिपोलीच्या लढाईत. भारती ब्रेलमध्ये ‘ख्रिस्त’ लिहायला सात खुणा लागतात: आधी हलन्ताचा ठिपका, मग ख, र, इ, पुन्हा हलन्त, स, त. डोळ्यांच्या मराठीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते. बोटांच्या मराठीत ती जिथे उच्चारली जाते तिथेच येते.

बोटही गेले तर? अमेरिकन प्रवचनांतून विल्यम मॅकफर्सन यांची हकीकत सांगितली जाते: सुरुंगाच्या स्फोटात दोन्ही डोळे आणि दोन्ही हात गेले, आणि ते मून लिपीतले बायबल जिभेने वाचायला शिकले. जपानच्या कुष्ठरोग वसाहतींत तर हे एकट्यादुकट्याचे राहिले नाही. कुष्ठरोग बोटांतल्या नसा मारतो, आणि अनेकांचे डोळेही नेतो; म्हणजे ब्रेलचे दारही बंद. त्यांतल्या काहींनी ओठ आणि जीभ कागदाला लावली. जिभेचे टोक बोटाहूनही तल्लख असते, पण कागद तिला सोलतो. शिकताना पाने रक्ताने माखत. नागाशिमा बेटावरच्या वसाहतीतले कोंदो कोइची यांनी असेच ब्रेलमधले स्वर वाचून अंध रुग्णांचे हार्मोनिका पथक उभे केले. या वसाहतींत चर्च होती, आणि जिभेने वाचल्या गेलेल्या पुस्तकांत बायबलही होते. ज्या कायद्याने या माणसांना समाजापासून तोडून ठेवले, तो जपानने १९९६मध्ये रद्द केला. पवित्रशास्त्र तोंडात घेणे हे यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनात येते. त्याला गुंडाळी खायला सांगितले जाते आणि ती मधासारखी गोड लागते. जपानी वाचकांना कागदाची चव लागली असेल, आणि रक्ताची. तरी ते वाचत राहिले.

आता मराठी मजकूर युनिकोडमध्ये असला की लिबलुईसारखे मुक्त सॉफ्टवेअर तो भारती ब्रेलमध्ये बदलून देते. मोबाइलला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर सुया वर-खाली होऊन ओळ उमटते, आणि खंडांचे ओझे राहत नाही. ध्वनिमुद्रित बायबलही सहज मिळते. त्यामुळे पुष्कळ चर्चमध्ये असे मानले जाते की अंध सभासदाची सोय झाली, त्याने ऐकावे. गाण्यासाठी, पेटी-तबल्यासाठी त्याला हौसेने पुढे बोलावतात. वाचनाच्या पाळीत त्याचे नाव सहसा नसते. वसई असो, अहिल्यानगर असो की मिरज, रविवारची वाचने कितीतरी आधी ठरलेली असतात. ब्रेलमध्ये एक पान काढायला काही मिनिटे लागतात. बोटांनी वाचणाऱ्याची मान खाली झुकत नाही, त्याचा चेहरा मंडळीकडेच राहतो. पाळकांनी आणि धर्मगुरूंनी पुढच्या महिन्याची यादी करतानाच त्याला विचारावे, म्हणजे उतारा एकदोनदा चाचपून घ्यायला त्याला वेळ मिळेल.